वाढत्या मापाचे

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता
ग्रिम्सबीच्या गोदीमागच्या वाचनालयात
मी मोठं-लहान शिकवते.
हीटर खोकतो. कोटांना माशांचा वास.
दिवसभर कॉड सोलून आलेले हात
पेन्सिल धरतात सुरी धरल्यासारखी.

फळ्यावर : बिग, बिगर, बिगेस्ट.
व्हिदास सांगतो, रविवारी गळाला लागलेला मासा
मोअर बिगर होता.
एकदाच मोठा कर रे, मी म्हणते.
तो हात आणखी फाकवतो.
मीही इथल्याच खलाश्याची मुलगी,
हातांचं व्याकरण मला कळतं :
मेलेला मासा दर हिवाळ्यात वीतभर वाढतो.

लेतेब्रहान हात हलवत नाही.
मान खाली घालून लिहिते :
हिज फुट इज बिगर दॅन
आणि पूर्णविराम.

माझं लाल पेन आपोआप उठतं, वीस वर्षांची खोड.
दॅननंतर काहीतरी यायला हवं, बाई,
लंगडतंय हे वाक्य.
कशापेक्षा मोठा?

ती म्हणते, आमच्यात उलटं असतं.
आधी ते सांगायचं जिथून मोजायचं,
मोठेपण मागून येतं.
तुमच्यात आधीच मोठं होऊन बसायचं
आणि मग शोधत फिरायचं, कशाहून.

जन्मभर बोलतेय ही भाषा.
माझ्या लक्षात नव्हतं आलं.

मग ती पिशवीतून चार घड्यांचा कागद काढते.
केरेनहून सासूने धाडलेला, सात आठवडे वाटेत.
त्यावर पेन्सिलीने गिरवलेलं पाऊल,
करंगळीपाशी रेघ सुटलेली,
तिथे गुदगुल्या झाल्या असणार.
फिलमोन. वय नऊ.
ती निघाली तेव्हा त्याचं पाऊल
तिच्या तळव्यात मावून वर जागा उरायची.

दुकानातली पोरगी विचारते, साइज?
लेतेब्रहान मला विचारते,
या कागदाहून किती मोठे घेऊ?
बूट पोचायला किती दिवस, कोण आणणार, ठाऊक नाही.
आणि पाऊल तर आत्ताही
थांबलेलं नसेल.

पुस्तकात असा धडा नाही. मी पाहिलं,
मागची सूचीसुद्धा चाळली.

शेवटी आईचं वाक्य आठवलं, ऑक्टोबरातल्या बाजारातलं :
वाढत्या मापाचे घे, पुढे वर्तमानपत्र कोंब.
अख्खा हिवाळा मी बोटांशी
कुठल्याशा शनिवारच्या बातम्या घेऊन शाळेत गेले होते.

ती हसली. मग टिंब खोडलं,
पुढे लिहिलं : द पेपर.
बरोबर आहे, मी म्हणाले, आणि पेनाला टोपण लावलं.

व्हिदास उठून आला. हात पँटला पुसले.
कागदावर वाकून त्याने वीत टाकली,
मग अंगठा आडवा ठेवला : एवढे जास्त.
पुन्हा मोजलं.
या खेपेला त्याने
रेघभरही वाढवलं नाही.