मापाची वही

दौंडला, पाण्याच्या टाकीखाली माझं दुकान.
एक पायमशीन, एक ओव्हरलॉक,
खिळ्याला टांगलेली टेप.
दुपारची मालगाडी जाऊन बरण्या हलायच्या थांबल्या,
तेव्हा त्या दारात उभ्या होत्या.
पांढरा झगा नाही.
कुणाची तरी जुनी साडी, जागोजाग पिना,
आणि कपाळावर, केसांलगत,
बोटभर फिकट पट्टा,
सव्वीस वर्षं ऊन न लागलेला.

"सिस्टर," म्हणाले, आणि जीभ चावली.
"बाई म्हण," त्या म्हणाल्या. "तेवढं अजून आहे."

याच बाईंनी आठवीत
दशांशचिन्ह चुकलं म्हणून
मला अख्खा तास फळ्याशी उभं केलं होतं.
आता त्या उभ्या, हात जरा पसरून,
कुठे बघावं न कळून
बटणांच्या बरणीकडे बघत.
छाती चौतीस. खांदा साडेतेरा,
डावा किंचित उतरता, वह्यांच्या गठ्ठ्यानं.
"माझं माप एवढं आहे होय?"
मठात एकच माप. जास्तीचं
कमरेच्या पट्ट्यात आवळायचं.

"गळा?" मी विचारलं.
"म्हणजे?"
"गोल, चौकोनी? किती खोल?"
बाई वर्गात कधी अडल्या नव्हत्या.
इथे अडल्या.
मग म्हणाल्या, "तुझ्यासारखा."

गावानं तोवर उत्तरं काढून ठेवली होती.
लोको शेडपाशी : कुणीतरी पुरुष.
बेकरीत : पैशाचं काहीतरी.
माझ्या सासूबाई : घरी आई आजारी असेल.
आई वसईला कधीच वारली होती.
तेव्हा रजा दोन दिवसांची मिळाली,
तिसऱ्या दिवशी सहामाहीचा पेपर.
बाईंना तोंडावर विचारणार कोण?
निम्म्या गावाच्या तळहाताला त्यांची पट्टी ठाऊक.

पुढे एकदा, हुक लावून बघताना, आपणहून बोलल्या :
"रागावून नाही गं निघाले.
एका पहाटे प्रार्थना म्हणत होते
आणि माझाच आवाज मला
पाढे म्हटल्यासारखा ऐकू आला.
चूक एक नव्हती. पण पाढेच."
त्यानंतर दोन वर्षं कागद.
रोमहून शेवटचा आला तेव्हा
अंगठी काढून मदरच्या टेबलावर ठेवली.
"बोट हलकं वाटतं का?" मी मूर्खासारखं विचारलं.
"खडू नीट धरता येतो."

आता रेल्वे क्वार्टरांमागे दोन खोल्या.
संध्याकाळी ओट्यावर गँगमनची पोरं,
भागाकार, आणि कुणाचं तरी शेंबडं भावंडं
पाटीवर झोपलेलं.
रविवारी चर्चमध्ये शेवटचा बाक.
जुन्या सोबतिणी पुढे, पांढऱ्या रांगेत.
शांतीसाठी हात द्यायची वेळ येते
तेव्हा त्यांतली एक म्हातारी
गुडघे सांभाळत मागपर्यंत चालत येते.
दर रविवारी नाही.
पण येते.

त्या पहिल्या दुपारी वहीत नाव घालायचं होतं.
मी 'सि.' लिहिलं. खोडलं. थांबले.
त्यांनी वही ओढली, स्वतः लिहिलं :
नातालीन डाबरे.
"ली दीर्घ. बघून ठेव."
मग खालची माझी बेरीज तपासली,
शिलाई, अस्तर, हुक.
"वीस रुपये कमी लावलेस."
मुद्दाम लावले होते.
ते त्यांना कळलं,
तरी आकडा दुरुस्त केला.

पैसे काढायला हात सवयीनं मांडीपाशी गेला,
साडीवरून तसाच खाली घसरला.
झग्याला खोल खिसे असायचे :
माळ, किल्ल्या, आमच्या जप्त केलेल्या गोट्या.
पिशवीतून नोटा काढल्या, मोजल्या.
पायरी उतरून परत वळल्या.
"एक खिसा लावशील?"
"ब्लाऊजला?"
"आतून. खडूपुरता."