नमुन्यादाखल दोन फायली

रात्रीचे दोन. तार्तू. खिडकीबाहेर उणे एकोणीस.
माझं काम बोलण्याचं.
घर एकाचं, कुलूप दुसऱ्याचं,
मध्ये मी, लेलो टाम्सालू, चॅटच्या चौकटीत,
तासाला ठरलेला दर.

आज एक इस्पितळ आहे.
चाळीस हजार फायली एका रात्रीत परक्या झाल्या.
नावं तीच, उघडून पाहावं तर आत नुसता भुसा.

अकरा वर्षांत माणूस टंकण्यावरून ओळखू येतो.
हा पूर्णविराम देतो, म्हणजे पगारी.
जेवणाची सुट्टी घेतो, रविवारी उगवत नाही,
खंडणीचा आकडा सांगून झाला की
"आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत."
याचा कुणावर राग नाही.
राग याला परवडत नाही.

राग होता यानुसला.
पार्नूच्या मासळी कारखान्यात बावीस वर्षं
शीतघर राखलं, आणि निरोप मिळाला ईमेलवर,
तोही नाव चुकवून.
त्यानं चोरलं काहीच नाही.
एका रात्री घरूनच शीतघराला सांगितलं,
बाबा रे, उन्हाळा आला.
नव्वद टन हेरिंग.
वास महिनाभर समुद्रालाही पेलला नाही.
पोलिसांना म्हणाला, पासवर्ड माझ्या बायकोच्या नावाचा होता,
तेवढं पुसायचीही तसदी घेतली नाही कुणी.

आणि उकू, वय सोळा, नखं कुरतडलेली.
त्याच्यामुळे तीन आठवडे शाळा
सात मिनिटं लवकर सुटत होती.
का केलंस?
"घंटा कुठून येते ते बघत होतो."
मग सात मिनिटंच का?
"कुणाच्या लक्षात येतं का ते बघत होतो."
नव्हतं आलं. मास्तरांच्याही नाही.
किंवा आलं असेल.

झेंडा घेऊन येणाऱ्यांशी माझी गाठ पडत नाही.
ते काही मागतच नाहीत.
लाकडातल्या वाळवीसारखे आत बसून असतात,
वरून कुणी हुकूम देईपर्यंत.

मेर्ये मात्र दार उघडं दिसलं की मालकाला उठवायची.
तीन बँकांनी फुलं पाठवली,
चौथीनं तक्रार नोंदवली.
आता उघडं दार दिसलं की मेर्ये
क्षणभर उंबऱ्याशी थांबते.
मला सगळ्यांत जास्त भीती
त्या थांबण्याची वाटते.

तर, आजचा हा.
किल्ली खरी आहे हे पटावं म्हणून
दोन फायली फुकट उघडून देतो म्हणाला.
नमुन्यादाखल. तुम्ही निवडा.

चाळीस हजारांतून दोन.
संचालकांनी हिशेबाची सांगितली, लगेच.
परिचारिका बराच वेळ गप्प होती,
मग म्हणाली, हेल्ये कासेमा, एकाहत्तर वर्षं,
गुरुवारचा औषधाचा तक्ता.
उद्या सकाळी नळी लावायची आहे,
किती ते आठवतंय,
पण आठवण्यावर कसं द्यायचं.

चार मिनिटांनी उत्तर आलं.
"हिशेबाची फाइल मौल्यवान आहे.
ती नमुन्यात बसत नाही. क्षमस्व."
तक्ता मात्र जोडला होता.
त्याच्या लेखी त्याला किंमत नव्हती.

उघडला. पेशंटचं वजन, तारीख, औषधाचं नाव,
दोन दशांश चार.
परिचारिकेनं आकडा मोठ्यानं वाचला,
मग पुन्हा वाचला,
आणि तिला रडू आलं, तिला जे आठवत होतं
ते बरोबर होतं म्हणून.

सौदा बाकी होता. आकडा आठ वेळा खाली यायचा होता.
पण नियम मोडून मी विचारलं,
हे सगळं कशासाठी?

तीन टिंबं हलली, थांबली, हलली.
पूर्णविराम न देता त्यानं लिहिलं,
घरभाडं
आणि मग,
तुझं कशासाठी

हीटर टिकटिकत होता.
मी घड्याळ पाहिलं.
तिसरा तास लागला होता.