आठ वाजताच्या टाळ्या

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात
फेरोलच्या इस्पितळातली आमची कॅथलॅब
इतकी शांत झाली
की औषधांच्या फ्रीजची घरघर ऐकू यायची.

शिशाचे एप्रन खुंट्यांवर, ज्याच्या त्याच्या नावाखाली.
माझा निळा, खांद्यावर उसवलेला.
टेबलावरच्या चादरीला एक सुरकुती नाही.
एरवी आठवड्याला नऊ-दहा जण यायचे
छातीवर मूठ दाबून, घामानं निथळत,
कुणी भरल्या ताटावरून उठून आलेला,
ओठाला अजून सूप लागलेलं.
त्या आठवड्यात दोन.
"हार्ट अटॅक गेले कुठे सगळे?"
डॉक्टर कासाल थट्टेत म्हणाली,
आणि आम्ही हसलोही.

वरच्या तीन मजल्यांवर श्वास पुरत नव्हते.
आम्हाला वाटलं,
लोक घरी आहेत, झोप होतेय,
साहेबाची बोलणी नाहीत, पहाटेची बोट नाही,
काळजाला जरा उसंत मिळाली असेल.
रिकाम्या खोलीत माणसाला
काय काय वाटतं.

संध्याकाळी आठला अख्खी गल्ली बाल्कनीत.
टाळ्या. आमच्यासाठी.
माझ्या वरच्या मजल्यावर ब्रेइशो लोउरिदो,
चाळीस वर्षं गोदीत वेल्डिंग केलेला;
त्याच्या टाळीला पत्र्याचा आवाज होता.
मंगळवारी तो आवाज आला नाही.
मान वर करून पाहिलं तर
उजव्या हातानं कठडा बडवत होता.
डावा खिशात.
मी हात हलवला, त्यानं मान डोलावली.
मला वाटलं, थंडी.

मला.
जिला डावा हात ओळखण्याचाच पगार मिळतो.

बुधवारी तो बायकोला म्हणाला, पित्त आहे.
सोडा प्यायला.
गुरुवारी म्हणाला, हा खांदा जुनाच दुखरा.
आल्बानं एकशे बारा फिरवायला घेतला
तर त्यानं फोनवर तळवा ठेवला:
तिथं माणसं मरताहेत,
आणि मी जळजळ घेऊन जाऊ?
बरं, गेलो तर तू सोबत नाहीस.
शिवाय खालच्या साबेलाला बिचारीला
आधीच किती काम असेल.

साबेला म्हणजे मी.
त्या वेळी मी ड्रॉवरमधल्या तारा
दुसऱ्यांदा मोजत होते.
घरापासून इस्पितळ अकरा मिनिटं,
रिकाम्या रस्त्यानं सात.

शुक्रवारी पहाटे माझ्या छतावर
कपाट पडल्यासारखा आवाज झाला.
चपला न घालता धावले.
स्वयंपाकघराच्या फरशीवर तो, आणि मी गुडघ्यांवर,
तळहातांखाली ती रुंद, कामकरी छाती.
तोंडानं श्वास द्यायचा नाही, असा नवा नियम होता.
मी तो पाळला की मोडला
हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.
जिन्याच्या तळाशी रुग्णवाहिकेतली दोन मुलं
झग्याच्या गाठी मारत होती,
एकमेकांच्या पाठीकडून, घाईनं, नीट.
त्यांचाही दोष नाही.

घशातला बोळा निगेटिव्ह आला.
म्हणून रोज रात्री टीव्हीवर येणाऱ्या आकड्यात
ब्रेइशो नाही.
कुठल्याच आकड्यात नाही.

मे महिन्यात ते यायला लागले.
पाच दिवस, आठ दिवस दुखणं घरात दडवलेले,
पायांवर सूज, पायऱ्या चढताना धाप.
स्क्रीनवर हृदयाचा एक कोपरा हलतच नसे,
जसा एखाद्या घरात एकच दिवा लागत नाही.
"उशीर का केलात?" मी विचारायचे.
"तुम्हाला त्रास नको म्हणून," ते म्हणायचे,
अगदी सौजन्यानं.

तो शनिवार मात्र अजून जात नाही.
आठ वाजले. वरचं दार करकरलं.
आल्बा एकटी बाहेर आली
आणि टाळ्या वाजवू लागली,
दोन्ही हातांनी, त्याच्या वाटच्याही.

मी खाली माझ्या बाल्कनीच्या दाराआड,
दिवा न लावता,
त्या संपेपर्यंत उभी राहिले.