पाठीवरचे चौकोन

नऊ वर्षं माझे हात निरनिराळ्या लोकांचे होते.
बोटांच्या भेगा वाशीच्या त्वचावाल्या डॉक्टरांच्या,
धाप घणसोलीच्या कुरूप डॉक्टरांची, पंपासकट.
कोपराच्या खळगीतलं इसब सासूबाईंकडे :
निंबाचा पाला, आणि वांगं बंद.
रात्र तेवढी कुणी घेतली नाही.
रात्री मी, पलंगाची लोखंडी कड,
आणि खिडकीतून ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे ट्रक.
मोजायचे. खाजवायचं. पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

रबाळ्याला बाटल्या धुते मी.
औषधांच्या. हसा, मीही हसते.
गरम पाणी, साबण, ब्रश, दिवसाला अकराशे.
एकांनी लिहिलं : कामावर रबरी हातमोजे वापरणे.
वापरले. जाड, पिवळे, कोपरापर्यंत.
हात जास्तच पेटले.
दुसऱ्यांनी मलम वाढवलं.
तिसरे म्हणाले, कोणी दिलं हे? थांबवा आधी.
पलीकडची रत्नप्रभा म्हणाली, गजकर्ण आहे, टॉवेल वेगळा ठेव.
टॉवेल वेगळा झाला. मग ताट.
मग एका रात्री, काही न बोलता, दिगंबरची उशी.

ज्याचं त्याचं बरोबरच असेल हो.
त्या सगळ्या बरोबरची बेरीज
माझ्या अंगावर चुकत होती.

नेरुळच्या त्या दवाखान्यात दर दुसऱ्या बुधवारी
एकाच टेबलाशी चौघं बसतात.
मला वाटलं, चार फिया.
मढवी सिस्टरांनी माझी पिशवी टेबलावर उलटी केली.
चिठ्ठ्या, नळ्या, अर्धे पंप, एक लिमलेटची गोळी.
चिठ्ठ्या त्यांनी तारखेनं लावल्या,
रमी खेळणारा पानं लावतो तशा,
आणि एका पानावर त्यांचा अंगठा थांबला.
हातमोजे कधीपासून?
आणि इथून पुढे वाढलंय, नाही का?

पाठीवर चिकटवले बारीक बारीक चौकोन.
दोन दिवस अंघोळ नाही, घाम नाही,
मे महिन्यात, घणसोलीत, घाम नाही!
दिगंबर पुठ्ठ्यानं वारा घालत राहिला.
पट्ट्या निघाल्यावर त्यानेच मोजलं, बोट न लावता :
इथे काही नाही, इथे नाही, इथेही नाही,
सातव्या घरात लाल गं.

सातवं घर रबराचं होतं.
सिस्टर म्हणाल्या,
ही चिठ्ठी आणि हा मोजा
आजवर एकमेकांना भेटलेच नव्हते.

मग माझ्यादेखत फोन गेला कुरूप डॉक्टरांना,
दोघं बोलले, मी असतानाच माझ्याविषयी बोलले,
मधे थांबून मलाही विचारलं.
कारखान्याला पत्र : विनाइलचे मोजे, आत सुती.
मलम किती? बोटाच्या पेराएवढं, दोन तळव्यांना पुरे.
किती दिवस, कधी कमी करायचं, कुणी करायचं,
सगळं एका कागदावर. खाली चौघांच्या सह्या.
चौथ्या बाई फार बोलल्या नाहीत.
शेवटी एवढंच : रात्री काय करता?
ट्रक मोजते, म्हटलं.
त्यांनी लिहून घेतलं.
ट्रक. खरंच लिहिलं तसं.

बरी झाले असं नाही म्हणणार.
मार्गशीर्षात अंगठा उललाच,
घटाचा नारळ सासूबाईंनी सोलला, मी नुसती बघत.
पण सोमवारी संध्याकाळी फोन वाजतो,
मढवी बोलतेय, किती ट्रक झाले?
परवा म्हटलं, चौदा. मग डोळा लागला.

उशी परत आलीय.
मधे थोडी फट ठेवून, पण आलीय.
वांगंसुद्धा, भरलेलं.
पिवळे मोजे सासूबाईंनी गॅलरीच्या दांडीला टांगलेत.
दहा बोटं वाऱ्यावर हलतात,
कबुतरं फिरकत नाहीत.