हवा धरली

पौषातली पहाट. पांझरेवरून वारा असा येतो
की लोखंडाला हात लावला तर हातच लोखंडाचा होतो.
कांद्याची रोपं साडेपाचला शिवारात पोचवायची.
बाया सहाला येतात, वाट बघत नाहीत,
आणि आमचा एचएमटी,
काकांनी शिरपूरच्या सॉमिलवाल्याकडून घेतलेला,
अवरमीटर एक्केचाळीसशे एकाहत्तरवर थांबलेला,
गोणपाट पांघरून निजलाय.

सायलेन्सरवरचा डबा काढतो.
डब्यात कधी चिमणी नसते, तरी बघतो.
सीटवर दव. गोणपाटाचीच घडी करून बसतो.

किल्ली. टक्.
पुन्हा. टक्.
भिंतीपलीकडून, गोधडीच्या आतून आवाज येतो:
"थांब रे चुडामण, सेल्फ नको मारू,
बॅटरी मरी जाई. टर्मिनलवर गरम पानी टाक."

ही भिंत एका विटेची. तिच्या पलीकडे हिलाल मिस्त्रीची खाट.
कमरेवर गिअरबॉक्स पडल्याला तीन वर्षं झाली.
पाय गेले, पण कान जसेच्या तसे.
मी पऱ्हाट्या पेटवतो, पातेलं ठेवतो,
एक तांब्या टर्मिनलवर, एक इंजेक्टरच्या नळ्यांवर,
उरलेलं माझ्या बोटांवर.

किल्ली. घुर्र… घुर्र…
दोनदा खोकतो, तिसऱ्यांदा विचार बदलतो.
"हवा धरी लिधी त्यानी. दहाना पाना ले."
पाना तोंडात धरून मी फिल्टरखाली वाकतो.
(दातांना तो थंडगार पाना लागला,
तेव्हाच मला पूर्ण जाग येते.)
बोल्ट ढिला. हातपंप. फेस, फेस, बुडबुडे,
मग डिझेलची सरळ, निळसर धार.
"आता कस."
त्याला दिसत नाही. बुडबुडे थांबल्याचं
त्याला कसं कळतं, मी कधी विचारलं नाही.

मग तो पेटतो.
आधी पांढरा धूर, आंबट, डोळ्यांत जाणारा,
मग काळा, मग नुसती हवेतली थरथर.
गल्लीतली भांडी फळीवर वाजतात,
आणि पलीकडून "हां" असं काहीतरी येतं,
किंवा ते नुसतं कूस बदलणं असेल.

गेल्या आठवड्यात काकांनी धुळ्याहून नवी बॅटरी आणली.
नवा फिल्टरही. वॉशरसकट.
किल्ली फिरवली, तो लगेच सुरू.
मी सीटवर मोकळ्या हातांनी बसलो.
पातेलं कोरडं, पऱ्हाट्या तशाच.
भिंतीपलीकडे एक खोकला. बस.
दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी खोकलाही नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी कोकिळावहिनी
उसना नेलेला पोपटपाना परत द्यायला आली.
दारातच उभी राहून म्हणाली,
"आबा इचारी ऱ्हायनात,
नवा ट्रॅक्टर लिधा का?"

रात्री मला झोप लागायला वेळ लागला.
झोपण्याआधी मी अंगणात गेलो होतो, एवढं आठवतं.
टाकीखाली हात घातला होता, तेही.

पहाट. वारा तोच. डबा काढला. चिमणी नव्हती.
किल्ली फिरवली. सुरू झाला.
अर्धा मिनिट चालला,
मग भूक लागल्यासारखा अडखळला,
एकदा चढला, एकदा पडला, विझला.
मी वाट बघितली.
पाना मुद्दाम बॉनेटवर वाजवला, खोलतोय असा.

गोधडी सरकल्याचा आवाज.
खाटेची एक दोरी करकरली.
"कॉक बंद ठेईसन किल्ली फिरावस का रे?"
थोडा वेळ काहीच नाही.
मग, हसतोय की खोकतोय ते कळेना अशा आवाजात:
"उघाड. लबाड पोऱ्या.
बाया येई लागतीन."