स्पॉट नंबर अकरा

पूर उतरला तेव्हा
म्युझियमच्या कपाटात बरण्या होत्या तशाच उभ्या होत्या,
लेबलं तेवढी सुटून गाळात गेलेली.
मी तेव्हा सातवीत, भिलवडीला.
हे इलाही मामांनी नंतर सांगितलं,
पाठमोरे, बेसिनपाशी, स्लाइडा धूत.

मामा दहावी नापास.
बत्तीस वर्षं त्याच बरण्या पुसलेल्या,
त्यामुळं बसले स्टुलावर आणि
स्केचपेननं लिहीत गेले, देवनागरीत:
हिपोकॅम्पस. इकथायोफिस.
बाळानू गलासस.
वरच्या फळीवरचं रजिस्टर वाळल्यावर
मगदूम मॅडमनी ताडून पाहिलं.
एकशे चौदातली एकशे तेरा बरोबर.
राहिली एक.
तिचं पान शेजारच्या पानाला कायमचं चिकटलेलं,
आणि मामांच्या लेबलावर फक्त:
हे मला ठाऊक नाही.

मुळं सकाळी आठ ते नऊच्या आत कापायची,
पेशी तेव्हा जास्त विभागतात,
म्हणून मी सहा वीसच्या एसटीत
मांडीवर काचेचा ग्लास, ग्लासावर कांदा,
खाली पाण्यात लोंबणारी पांढरी मुळं.
कंडक्टर म्हणाला, याचं हाफ काढू का?
अख्खी गाडी हसली. मीही हसले,
आणि वसगड्याच्या वळणावर
निम्मं पाणी ड्रेसवर.

आम्ल. स्पिरिटचा दिवा. लाल रंग.
वर कव्हरस्लिप, त्यावर टिपकागद,
आणि अंगठा.
दाब, पण घसरू देऊ नको, मॅडम म्हणतात,
पोळी लाटत नाहीयेस.
तेजस्विनी चौगुलेनं लेन्स खाली घेतली, खाली,
अजून खाली,
मग तो बारीकसा आवाज.
स्लाइड फुटली की वहीत नाव आणि दंड.
मामांनी खणातून दुसरी काढून
तिच्या पुढ्यात सरकवली
आणि मोठ्यानं म्हणाले, पंखा कुणी लावला रे?

मला दिसलं ते चौथ्या स्लाइडवर.
एका पेशीत धागे दोन टोकांना निघालेले,
पोचलेले नाहीत.
आठ चाळीसला मी ब्लेड फिरवलं,
तिथंच थांबलेत.
मी पेन्सिलनं काढायला घेतलं, खोडलं, पुन्हा काढलं.
जर्नलमध्ये मॅडमनी लिहिलं: शेडिंग नको, ठिपके दे.
त्यांचं बरोबर होतं.

मार्केट यार्डाकडून वारा आला की लॅबभर हळद,
नाहीतर फॉर्मॅलिन.
आई म्हणते, तुझ्या ओढणीला दवाखान्याचा वास येतो.
मला येत नाही आताशा.

परीक्षेला कराडचे बाहेरचे सर.
टेबलांवर पंधरा स्पॉट, प्रत्येकी दोन मिनिटं,
घंटा मामांकडे.
दहाव्याला माशाचा खवला, सोपा होता.
अकराव्याला ती बरणी.
लेबलावर आकड्याची चिठ्ठी डकवलेली,
पण कडेनं स्केचपेनची 'नाही'
थोडी बाहेर आलेली.

कुणी मांडली असेल?
मॅडम खिडकीपाशी. सर चहा पीत.
मामांकडे पाहिलं,
ते भिंतीवरच्या पाण्याच्या जुन्या खुणेकडे बघत होते,
त्यांच्या डोक्याच्या हातभर वर.

शेजारचा मुलगा भराभर काहीतरी लिहून मोकळा झाला.
मी 'ओळखा'पुढची जागा सोडली
आणि 'वर्णन करा' सुरू केलं:

बोटभर लांब. फिकट. स्वतःभोवती वळलेला.
एका टोकाला आडवी चीर, ते तोंड असावं.
कणा आहे की नाही, काचेतून कळत नाही.
डोळे नाहीत, किंवा होते आणि विरघळले.
त्वचेवर वलयं, मी बावीस मोजली,
पुढची वळणाखाली गेली आहेत.
तळाशी तांबूस रेघ.
ती प्राण्याची नव्हे,
पुराची.

वेळ संपली असणार.
कुणी सरकलं नाही.
मी 'असावं' खोडावं का, असा विचार केला,
राहू दिलं.

मग मामांनी घंटा दिली.
जरा उशिरा.