धक्क्याला लावून ठेवणे

चोडणच्या धक्क्यावर पहाटे साडेपाचला
पहिली फेरीबोट सुटायच्या आधी मी दोन ओढायचो.
एक दोर सोडताना,
दुसरी सोडलेल्या दोराच्या नावाने.
अठ्ठावीस वर्षं.
रायबंदर मला धुरातूनच ठाऊक.

फार्मसीतल्या इर्मा कुलासोने विचारलं,
उठल्यावर पहिली कधी पेटवता?
म्हटलं, तोंड धुवायच्या आधी.
मग चारची घ्या, दोनची पुरणार नाही,
ती म्हणाली, चपलेचं माप सांगावं तशी.
हृदयाचं काही? रक्तदाब? दात स्वतःचे?
स्वतःचेच. पिवळे आहेत म्हणून कुणी मागत नाही.
ती हसली नाही.

हे चिंगम नव्हे हां, म्हणाली.
सावकाश चावा. जिभेला मिरी लागल्यासारखं झालं
की थांबा,
गाल आणि हिरडी यांच्या मध्ये ठेवून द्या.
चुरचुर ओसरली की परत चावा.
अर्धा तास असंच. लाळ भसाभस गिळू नका.
आणि वर सिगरेट नको, एकही.

मला वाटलं, यात काय शिकायचंय.

पहिल्या दिवशी जत्रेतल्या पोरासारखं चघळलं.
नदीच्या मध्यावर उचकी लागली,
घसा पेटला, पोटात ढवळून आलं.
सुकाणूवरून आवेलीन ओरडला,
जन्मभर ये-जा केलीस रे,
आणि तुला धक्क्याला लागता येत नाही?

मग समजलं.
गाल म्हणजे धक्का.
लावायचं. दोर टाकायचा.
आतली माणसं उतरू द्यायची.
रॅम्प घाईने उचलला तर
कुणाची तरी स्कूटर पाण्यात.

दुपारच्या डब्यात सोलकढी असते.
आंबट तोंडात औषध लागत नाही म्हणतात,
चहा-कॉफीचंही तेच.
शेवंतीला सांगितलं, पाव तास आधी काही नको,
चघळताना तर नकोच.
ती म्हणाली, तुझ्या सिगरेटीने
माझी सोलकढी इतकी कधी खोळंबली नव्हती.
खरं होतं ते.

आठव्या दिवशी शर्ट खुंटीला होता
आणि नात व्हरांड्यात.
स्वरांगी, चार वर्षांची, मूठ घट्ट मिटलेली.
आजोबा, चांदीचं चॉकलेट.

पत्र्यावर तिच्या दातांच्या चार खुणा.
फुटलं नव्हतं.
फुटलं नव्हतं, हे मी तीनदा बघितलं,
उजेडात नेऊन बघितलं,
तरी हात थांबेनात.
ती रडायला लागली, मी मूठ जोरात उघडली म्हणून.

त्या संध्याकाळी मला सर्वात जास्त हवी होती,
सांगतो ना, लपवून काय करू.
माडाच्या बुंध्याशी जाऊन बसलो.
खिशात काडेपेटी नव्हती,
शेवंतीने आधीच काढून घेतलेली.
एक वडी घेतली. सावकाश. धक्क्याला लावली.
तोवर नारळाच्या झावळीत अंधार झाला.

आता पाकीट शेवंतीच्या सोन्याच्या डब्यात, कुलपात.
किल्ली तिच्याकडे. रोज सकाळी मोजून मिळतात
मंगळसूत्रासारख्या जपून.
चघळून झालेली वडी कागदात गुंडाळतो,
झाकणाच्या कचरापेटीत टाकतो.
नदीत नाही.
धक्क्यावरच्या कुत्र्याच्या वाटेतही नाही,
तो काहीही खातो.

दहावा आठवडा. बारावरून पाचवर आलोय.
इर्मा म्हणते, घाई नको, पण विसरूही नका
की हेही सोडायचंच आहे.

काल शेवटच्या फेरीत कुणीतरी कठड्याशी पेटवली.
वारा आमच्याच बाजूचा.
सगळी अठ्ठावीस वर्षं एका दमात नाकात आली.
मी पत्रा उलगडला,
चावलं,
थांबलो.

चोडणहून कुणी टॉर्च हलवत होतं,
उशीर झालेलं माणूस.
थांब रे, म्हटलं. लावतोय.